धाव आणि साखळी

“काका, टायरला लावायच्या चेन आपल्याकडे कुठे मिळतील?” डिसेंबरातल्या एका दुपारी पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी ओट्यावर बनियनवर बसलो होतो आणि पंखा बाहेर आणावा का, या विचारात होतो. पनवेलचा डिसेंबर तो. जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला जायचं त्याच्या डोक्यात होतं. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे अटल बोगद्याच्या बाजूला पोलीस फक्त फोर बाय फोर नाहीतर चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, असं त्याला कुणी सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता.

आम्ही दोघं कळंबोलीला गेलो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात साखळी न मिळणं म्हणजे अलिबागला पांढरा कांदा न मिळण्यासारखं. साखळ्या भरपूर निघाल्या. पत्र्याची रोलं ट्रेलरला जखडायच्या, बंद पडलेली गाडी ओढायच्या, क्रेनला लटकवायच्या, फाटकाला कुलूप लावायच्या. टायरची मात्र एकही नाही. तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, “बर्फावर? कुठल्या बर्फावर?” आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून तो पुढचं काही बोलला नाही. शेवटी पोराने ती ऑनलाइन मागवली.

तो दुकानदार चुकीचा नव्हता. पनवेलला बर्फ पडल्याचं कुणाच्या आज्याने पाहिलेलं नाही. पण घसरणाऱ्या चाकाला धरून ठेवायची विद्या पनवेलला परकी आहे, असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. आमचं घर लोहाराचं. वडाळे तळ्याच्या अलीकडे आमचा भाता होता. आजोबा बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे. मी फौजेत ड्रायव्हर झालो आणि टायरला साखळ्या बांधल्या. मधल्या पिढीने म्हणजे वडिलांनी दोन्ही केलं नाही, ते गिरणीत गेले. अंगणातल्या तुळशीभोवती जी लोखंडी कडी आहे ती आजोबांच्या हातची शेवटची धाव. आणि तिच्या वरच्या खिळ्याला लटकतोय तो सहा कड्यांचा तुकडा माझा.

इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरात पनवेलविषयी एक नोंद आहे. गावचा मुख्य धंदा गाडीची चाकं करण्याचा, आणि ज्याची ऐपत आहे असा देशावरचा प्रत्येक गाडीवान जाताना इथून चाकांची एक जोडी नेतो, अशा अर्थाची. आज पनवेल म्हटलं की लोकांना लोकल, मॉल आणि विमानतळ आठवतो. फार तर धूतपापेश्वरचा औषधी कारखाना, तोही १८७२ चा. चाकं कुणाला आठवत नाहीत. पण मला ती नोंद वाचताना आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटलं होतं. देशावर सुतार नव्हते का? लोहार नव्हते का? होते, गावोगाव होते, बलुतेदारच ते. मग जोडी पनवेलहून का न्यायची?

कारण घाट. घाट चाकं खायचा आणि पनवेल ती विकायचं.

बोरघाटातून गाड्या जायला लागल्या त्याला दोनशे वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी सगळा माल पाठीवर. लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोण्या, वर जाताना मीठ, खाली येताना धान्य. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पनवेलहून पुण्यावर निघाली तेव्हा तिच्याबरोबर एकोणीस हजार बैल होते असं इतिहासकार लिहितात. तोफा घाटावर चढवता चढवता त्यांना इतके दिवस लागले की मराठ्यांना तयारीला हवा तेवढा वेळ मिळाला. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपण इष्टुर फाकडा म्हणून अजून मान देतो, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मान खाली घालून तह करावा लागला. त्या जयाचं श्रेय महादजी शिंद्यांना जातं, जायलाच हवं. थोडं घाटालाही द्यायला हरकत नाही.

इंग्रज ते विसरले नाहीत. १८०४ च्या सुमारास वेलस्लीने, हाच पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन, खंडाळ्याहून पनवेलकडे फौजेपुरती वाट करून घेतली. मग पेशवाई बुडाली, आणि १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर जॉन माल्कमने चाकांच्या गाड्या जातील असा पक्का रस्ता खुला केला. तो बांधणारा कॅप्टन ह्यूज. आपण ज्याला अमृतांजन पूल म्हणायचो तो त्याच रस्त्यावरचा, त्याच सालचा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा मिळाला म्हणून, तो सुरुंग लावून पाडला. मला तो गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याच्या खांबांपाशी मी स्वतः एवढे अपघात पाहिलेत की फार रडलो नाही.

तर १८३० नंतर पनवेलचं नशीब उघडलं. मुंबईहून मचवे, पडाव भरतीबरोबर खाडीने वर येत आणि गाढी नदीच्या तोंडाशी बंदरात लागत. इथे माल उतरायचा आणि गाडीवर चढायचा. देशावरून कापूस आणि गूळ खाली, इथून मीठ, तांदूळ, सुकी मासळी, नारळ आणि विलायती कापड वर. होडी जिथे संपते आणि गाडी जिथे सुरू होते ते हे गाव. १८५२ सालीच इथे नगरपालिका आली, मुंबई इलाख्यातल्या जुन्यात जुन्या नगरपालिकांमधली ही एक, ती काही उगाच नाही.

आता गाडीवानाच्या जागी बसून पाहा. गाडी चढावर उलाळते आणि उतारावर अंगावर येते. एवढ्या एका वाक्यात घाटाचं सगळं शास्त्र आलं. चढताना ओझं मागे सरकतं, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला फास बसतो. म्हणून माणूस पुढे दांडीवर बसतो. बैल थकून थांबले की मागून येणारा चटकन चाकाखाली दगड सरकवतो. बैल पुढे निघाले की तो दगड तिथेच रस्त्यात. पुढच्या गाडीच्या चाकाखाली तो येणार, हे त्याच्या गावीही नसतं. हीच खोड ट्रकवाल्यांनी जशीच्या तशी उचलली आहे. आज घाटात रात्री मोटारसायकलवाले ज्या दगडांवर आपटतात ते दगड डोंगरातून कोसळलेले नसतात, कुणाच्या तरी क्लीनरने लावलेले असतात.

पण चढ परवडला. खरी परीक्षा उताराची. वीस-पंचवीस मणांची गाडी मागून रेटते आणि बैलांना रेटा थोपवून धरायचे अवयवच नाहीत. घोडा थोडा मागे बसतो, बैल नुसता पळतो. मग गाडीवान काय करायचा? एक चाक बांधायचा. आऱ्यांमधून दोर घालून तो साटीला आवळायचा, की ते चाक फिरायचं थांबतं आणि घसटत येतं. कुणी मागे झाडाचा ओंडका बांधायचा आणि तो फरफटत आणायचा. फौजेच्या तोफगाड्यांना तर त्यासाठी लोखंडी पायताणच असायचं, साखळीने गाडीला अडकवलेलं. उतार आला की ते चाकाखाली सारायचं, चाक त्यावर चढून बसायचं आणि घसरत खाली यायचं.

चाक घसटलं की धाव एकाच जागी झिजते, तापते, तिथे चपटी होते. चपट्या धावेचं चाक पुढे प्रत्येक फेऱ्याला एक ठोका देतं, आणि त्या ठोक्याने आरे सैल होतात. खोपोलीला उतरून पनवेलला येईस्तोवर गाडीवानाच्या लक्षात यायचं की एक चाक गेलं. एक बदलायचं तर जोडी बदललेली बरी. आणि समोर चाकांची रांग लावून आमचे लोक बसलेले.

धाव कशी चढवतात ते पाहिलेले आता थोडेच उरले. मी पाहिलंय, सात-आठ वर्षांचा असताना, आणि त्या दिवशी शाळा बुडवल्याबद्दल कुणी मारलं नव्हतं. सुताराकडून चाक यायचं. मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पाटे. लोहाराचं काम त्या पाट्यांभोवती लोखंडी पट्टीचं कडं चढवणं. कडं मुद्दाम चाकापेक्षा जरासं लहान करतात. सगळी कला त्या ‘जरासं’ मध्ये. मग जमिनीवर कडं ठेवून त्यावर गोवऱ्यांचं वर्तुळ रचायचं आणि पेटवायचं. कडं लालसर झालं की फुगतं. पुढे फौजेत मी हिशोब केला होता. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर पावणेपाच मीटर, आणि पाच-साडेपाचशे अंशांनी तापवलं तर तो घेर तीन सेंटीमीटरच्या आसपास वाढतो. आजोबांना सेंटीमीटर माहीत नव्हतं, ते बोटं लावून मोजायचे आणि तेवढंच यायचं. चिमट्यांनी तिघं-चौघं ते कडं उचलणार, चाकावर टाकणार, घणाने चारी बाजूंनी बसवणार, लाकूड पेट घेणार, धूर, आणि त्याच क्षणी घागरीने पाणी. लोखंड आक्रसलं की सगळं चाक कण्हायचं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. प्रत्येक आरा आपापल्या भोकात आणखी आत जायचा. एक खिळा न मारता इतक्या सगळ्या तुकड्यांचं चाक एकसंध व्हायचं.

आजोबांची एक तक्रार असायची. इथलं चाक इथल्या दमट हवेत भरलेलं असतं. ते घाटावर गेलं, नगर-सोलापूरच्या उन्हात सुकलं, की लाकूड आकसतं आणि धाव सैल होते. म्हणून लाकूड वर्ष-दोन वर्षं वाळवल्याशिवाय ते हात लावत नसत. तरीही उन्हाळ्यात धाव ढिली झाली की गाडीवान गाडी रात्रभर ओढ्यात उभी करायचे, लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसायची. धाव हलली की चाक मेलं, असं आजोबा म्हणायचे.

आपल्या भाषेत या कड्याला ‘धाव’ म्हणतात, म्हणजे पळणं. आणि चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला जी मेख घालतात तिला कुठे ‘कुणी’ म्हणतात, कुठे ‘खीळ’. धाव घेणं चांगलं आणि खीळ बसणं वाईट, असं मराठीने ठरवून टाकलंय. ज्याने ठरवलं तो कधी भरली गाडी घेऊन घाट उतरला नसणार.

रेल्वेने हा घाट घेतला तोही याच प्रश्नाशी झगडत. २१ एप्रिल १८६३ ला बोरघाटाची चढण रेल्वेला खुली झाली. पंचवीस बोगदे, आणि चढ सदतीस फुटांना एक फूट. शिंग्रोबा धनगराने इंग्रज साहेबाला वाट दाखवली आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली, ही गोष्ट खोपोलीच्या बाजूला सगळे सांगतात. घाटात त्याचं देऊळ आहे, आणि अजून ड्रायव्हर खिडकीतून तिथे नाणं टाकतात. मीही टाकतो. वर जाणाऱ्यांपेक्षा खाली येणारे जास्त मनापासून टाकतात, असं माझं निरीक्षण आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हणजे बर्फावर टायरच जणू, पकड फारच थोडी. म्हणून इंजिनाच्या चाकांसमोर रुळावर वाळू सोडायची सोय असते. भरधाव सुटलेली गाडी उलट चढावर वळवून थांबवायला घाटात वेगळे फाटे काढलेले आहेत, आणि पुण्याहून उतरणारी गाडी मंकी हिलला, ठाकुरवाडीला थांबते ती कुणाला घ्यायला नाही. ब्रेक धरतायत ना, हे पाहायला थांबते.

रेल्वे कर्जतवरून गेली, पनवेल बाजूला पडलं. बंदरात गाळ साचत गेला. आमच्या गावात रेल्वे आली ती थेट १९६४ ला, दिव्याहून. मधल्या शंभर वर्षांत चाकांचा धंदा हळूहळू उतरत गेला, पण मेला तो रेल्वेने नाही, टायरने. बैलगाडीला रबरी टायर आले. डनलॉप गाडी म्हणायचे तिला लोक, कंपनी कुठलीही असो. बेअरिंग, हवा, मऊ चाल, बैलांना निम्मी ओढ. आजोबांनी पहिली डनलॉप गाडी पाहिली तेव्हा तिच्या टायरला पाय लावून पाहिला आणि म्हणाले, “हे घाटात काय धरणार?” त्यानंतर दोन-तीन वर्षांत भाता थंड झाला. आता कर्जत-खोपोलीच्या फार्महाऊसांच्या फाटकांना जुनी चाकं रंगवून लावलेली दिसतात, धावेसकट. त्यातली काही पनवेलचीच असणार.

मी १९७६ ला भरती झालो. आर्मी सर्व्हिस कोअर, बंगळूरला ट्रेनिंग, एमटी ड्रायव्हर. तिथे सांगितलेला पहिला नियम आपल्या घाटातलाच निघाला, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मला वाटलं, हे तर घरचंच. मग पोस्टिंग आलं श्रीनगरला, लेहच्या रस्त्यावर.

सोनमर्ग, बालताल, मग झोजीला ३,५२८ मीटर, पलीकडे गुमरी, मटायन, पांद्रास, द्रास. तेव्हा हिवाळाभर झोजीला बंदच असायचा. आमचं काम कडेच्या दिवसांचं, म्हणजे नोव्हेंबरात बंद व्हायच्या आधी आणि वसंतात बर्फ कापून उघडल्यावर. दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरतं आणि रात्री त्याची काच होते. सकाळी सहाला कॉनव्हॉय निघतो तेव्हा ती काच डांबराच्याच रंगाची असते. दिसत नाही.

पहिल्याच मोसमात गुमरीकडून बालतालला उतरताना माझ्या चाकांखाली ती आली. आणि माझ्यातला घाटावरचा गाडीवान जागा झाला, मी ब्रेकवर उभा राहिलो. आपल्या घाटात मुरुमावर चाक बांधलं की ते जमीन धरतं. बर्फावर बांधलेलं चाक म्हणजे पाट. ट्रक आवाजही न करता आडवा व्हायला लागला. स्टिअरिंग फिरवतोय, काही होत नाही. शेजारी बसलेले उस्ताद, हरियाणाचे हवालदार, ओरडले, “ब्रेक छोड! छोड!” पाय काढला. चाकं फिरायला लागली, पुढच्यांना दिशा मिळाली, आणि ट्रक डोंगराच्या अंगाला बर्फाच्या ढिगात जाऊन टेकला. दरी दुसऱ्या बाजूला होती. उस्ताद उतरले, बिडी पेटवली आणि म्हणाले, “अब चेन लगा. पहले लगानी थी.” चेन गाडीतच होती. थंडीचा कंटाळा करून मी लावली नव्हती, दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

त्या रात्री हिशोब मांडला. कोरड्या डांबरावर रबराची पकड ०.७ धरतात, गुळगुळीत बर्फावर ०.१. ताशी चाळीसच्या वेगाने सपाट रस्त्यावर गाडी डांबरावर नऊ मीटरमध्ये थांबते, बर्फावर त्रेसष्ट मीटर लागतात. आणि उतार दहाला एक असेल तर? तर ०.१ ची सगळी पकड उतारच खाऊन टाकतो. गाडी थांबतच नाही. गणितात सुद्धा थांबत नाही.

टायरची चेन ही दिसायला दोरीची शिडी. दोन लांब साखळ्या टायरच्या आतल्या-बाहेरच्या अंगाला, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या रबरावर. ती टायरची पकड वाढवते असं लोक म्हणतात, ते पुरतं खरं नाही. ती गाडीचं वजन मूठभर कड्यांवर आणून ठेवते. एवढं ओझं एवढ्याशा जागेवर आलं की लोखंड बर्फात रुततं. रबर बर्फावर टेकतं, लोखंड बर्फ फोडतं.

ही युक्ती काढली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीडने. २३ ऑगस्ट १९०४ चं त्याचं पेटंट आहे. त्याने पाहिलं की बर्फात आणि चिखलात मोटारवाले टायरला दोर गुंडाळतात, काही तर वेली गुंडाळतात. दोर तुटतो, म्हणून त्याने साखळी घेतली. पुढे १९०८ ला त्याच्या कंपनीने हूदिनीला, त्या कड्याकुलपांतून सुटणाऱ्या जादूगाराला, याच चेनने जखडायचं आव्हान दिलं होतं. तो सुटला. मला हूदिनीपेक्षा ते दोर गुंडाळणारे अनामिक मोटारवाले जवळचे वाटतात. आऱ्यांतून दोर घालणारा आमचा गाडीवान आणि ते एकाच जातीचे.

आजोबा असते तर त्यांना मी एक गोष्ट नक्की सांगितली असती. लाकडावर लोखंड चढवायचं तुमचं काम संपलं, मग रबर आलं, आणि बर्फ लागला तेव्हा रबरावर पुन्हा लोखंडच चढवावं लागलं. फक्त नियम उलटा. धाव हलली की चाक मेलं. चेन मात्र थोडी हलायलाच हवी. ती हाताने ओढून जेवढी घट्ट बसेल तेवढी बसवायची, आणि चाक फिरताना ती रबरावर हळूहळू सरकत राहिली पाहिजे. एकाच जागी आवळून बसली तर तिथलंच रबर खाते. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जायचं, उतरायचं, पुन्हा ओढायची. पहिल्यांदा कधीच पुरती बसत नाही. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना लावायची, आणि चाळीसच्या वर जायचं नाही. बर्फ संपला की लगेच काढायची. उघड्या डांबरावर चेन चालवली तर दगड चेनला फोडतात. माझा खिळ्यावरचा तुकडा तसाच तुटला. सोनमर्गच्या खाली रस्ता कोरडा लागला, काढायचा आळस केला, आणि एक आडवी साखळी सुटून मडगार्डवर असा फटका बसला की मला गोळीबार वाटला. तुटकी चेन जमा केली, भंगारातल्या सहा कड्या स्टोअरच्या बाबूने हसून दिल्या.

चेन लावण्याबद्दल पुस्तकात लिहितात त्यात बोटांचा उल्लेख नसतो. उणे दहाला लोखंड हाताला चिकटतं. मोजे घातले तर आतल्या बाजूचा आकडा सापडत नाही, काढले तर दोन मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. आणि आतला आकडा दिसत नसतोच, चाकाच्या मागे छातीवर पडून नुसत्या हाताने लावायचा असतो. म्हणून उस्ताद आमच्याकडून डोळे बांधून लावून घ्यायचे, खाली मैदानात, उन्हात. वीस-वीस वेळा.

झोजीलाच्या चढावर प्रत्येक वेळी मला १९४८ चं काश्मीरचं युद्ध आठवायचं. १ नोव्हेंबरला जनरल थिमय्यांनी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे या खिंडीत चढवले, स्वतः पुढच्या रणगाड्यात बसून, बर्फ पडत असताना. इतक्या उंचीवर रणगाडे येतील असं समोरच्यांच्या स्वप्नात नव्हतं. रणगाडा म्हणजे तरी काय, स्वतःची साखळी स्वतःच पुढे अंथरत आणि मागून उचलत जाणारी गाडी. नंतर १९६० ला बॉर्डर रोड्सची संघटना उभी राहिली आणि तिची माणसं दरवर्षी त्या रस्त्यावरचा बर्फ भिंतीसारखा कापायला लागली. आता सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ ला खुला झाला, झोजीलाचा खणतायत. तो झाला की माझी विद्या तिथे संपेल. संपू दे. तंगमर्गला मात्र टिकेल, गुलमर्गला जाणाऱ्या पर्यटकांना चेन भाड्याने देणाऱ्या पोरांकडे. ती पोरं चार मिनिटांत चाक बांधतात, गप्पा मारता मारता.

फौजेतून परत आलो तेव्हा वाटलं, संपलं आता. पण पहिला पाऊस पडला आणि जुन्या महामार्गावर पळस्प्याच्या पुढे मला तेच जाणवलं, पायाखालून रस्ता निघून जाणं. आठ महिने सांडलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत एकत्र होतात आणि तासाभरासाठी डांबराचा साबण होतो. चिखलातही तेच. भाताच्या शेतात ट्रॅक्टर उतरवताना टायरला जोडून लोखंडी जाळीची चाकं लावतात, चिखलणीसाठी. पनवेलच्या आसपास जी थोडी भातशेती इमारतींनी सोडली आहे तिथे जुलैत पाहा. वीडची चेन चिखलासाठीही होतीच. आणि २००२ ला पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर ‘गाडी न्यूट्रल करू नका’ अशा पाट्या घाटात लावाव्या लागतात, तरी डिझेल वाचवायला ट्रकवाले न्यूट्रलवर सोडतातच. ब्रेक तापतात, धरत नाहीत, गाडी अंगावर येते. फक्त आता पुढे बैल नसतात, कुणाची तरी मोटार असते.

पुतण्याची चेन आली. पिवळ्या पिशवीत, चकचकीत, चित्रांच्या कागदासकट. त्याने व्हिडिओ पाहिला होता. “काका, सोपं आहे, पाच मिनिटं.” अंगणात गाडी लावून त्याने पाच मिनिटांत खरंच लावली. मी म्हटलं, काढ. मग त्याला गाडीत घालून मासळी बाजारात नेलं आणि एक पाटी बर्फ आणला. पनवेलला बर्फ मिळतो तो पापलेटाखालचाच. बादलीत पाणी, त्यात तो बर्फ.

“हात बुडव.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

बायको दारातून बघत होती. मासळीच्या वासाने मांजर येऊन बादलीभोवती फिरायला लागलं. दोन मिनिटांनी त्याला म्हटलं, आता लाव. पुढचं डावं चाक, ही गाडी पुढून ओढणारी. तो गुडघ्यावर बसला, वाकला, चाकामागे हात घातला. आतला आकडा त्याच्या बोटांना लागत होता आणि कळत नव्हता. एकदा निसटला. दुसऱ्यांदा कडीत गेला तो उलट्या तोंडाने. तिसऱ्यांदा त्याने हात बाहेर काढले, काखेत घातले आणि माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा मिनिटं झाली होती.

“काढ,” म्हटलं, “आणि बादलीत घाल परत.”